बाळ अडीच महिन्यांचं, ब्लॉग सहा वर्षांचा: वाचायचं कधी, लिहायचं कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पहिलं बाळ अडीच महिन्यांचं आहे. त्याआधी सहा वर्षं मराठी पुस्तकांवर ब्लॉग चालवलात, आठवड्याला एक लेख ठरलेला. प्रकाशकांनी पाठवलेली काही पुस्तकं पाकिटातून न काढता पडून आहेत आणि ‘लेख कधी येतोय?’ असे निरोप येताहेत. हातात पुस्तक घेतलं की तिसऱ्या ओळीला डोळा लागतो. त्यात सासूबाईंचं म्हणणं, बाळंतिणीनं वाचू नये, डोळे जातात. ब्लॉग बंद करावा का आणि पूर्वीसारखं वाचन कधी सुरू होईल, हे तुम्हाला हवंय.

आधी उत्तर देते, मग कारणं. वाचन सोडू नका, पण ब्लॉगला बाळ सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत खुशाल सुट्टी द्या. इतकी वर्षं आपण ‘वाचणं-लिहिणं’ असं एका दमात म्हणत आलो, पण घरात तान्हं बाळ आलं की त्या दोन गोष्टींची फारकत करावीच लागते. वाचनाचा हिशेब तुम्हाला कुणी मागत नाही. ब्लॉग म्हणजे लोकांना दिलेला शब्द, आणि तो पाळणं जमत नसेल तर रीतसर तसं कळवायचं असतं. मी पंधरा-सोळा वर्षं पुस्तकांवर लिहितेय, माझी दोन्ही बाळंतपणं त्याच काळात झाली, आणि पुस्तकांवर लिहिणाऱ्या नव्या आई-बाबांशी या विषयावर माझं सतत बोलणं होत असतं. सांगून सुट्टी घेणारे बहुतेक सगळे परत येतात. न सांगता गप्प झालेल्यांना मात्र ब्लॉग उघडायचीच धास्ती वाटायला लागते, आणि मग तो कायमचा बंद पडतो.

आता वेळेबद्दल. ‘वेळच मिळत नाही’ असं सगळे म्हणतात, पण हिशेब मांडून बघा. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं. एवढा वेळ नोकरी करतानाही तुम्हाला कधी मिळाला नसेल! मग तो जातो कुठे? दूध दिवसातून ८ ते १२ वेळा, दर वेळी वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत. मग ढेकर, लंगोट, पुन्हा जोजवणं. बाळाची झोप तुकड्यातुकड्यांनी येते आणि पुढचा तुकडा दहा मिनिटांचा असेल की दोन तासांचा, हे आधी कुणालाच कळत नाही. वेळ आहे, सलगपणा नाही. तेव्हा ‘वेळ कसा काढू’ हा विचार सोडा आणि कुठेही तुटलं तरी चालेल असं काय वाचता येईल, ते बघा.

माझी कसोटी सोपी आहे. पुस्तक मधूनच कुठेही उघडायचं. दहा ओळींत आत शिरता आलं तर ते या दिवसांसाठी ठीक. पत्रं, रोजनिशी, ललित लेख, लघुकथा, कविता, आठवणी, पाककृतींची जुनी पुस्तकंसुद्धा या कसोटीला उतरतात. चार पिढ्यांची कादंबरी उतरत नाही, कारण दर वेळी ‘हा कोणाचा जावई?’ म्हणून मागची पानं चाळत बसावं लागतं. वैचारिक ग्रंथ सरळ वरच्या फळीवर ठेवा. रहस्यकथेचा प्रकार उलटा आहे, ती सोडवत नाही आणि झोपेचा तास खाते. म्हणून मी तीही टाळायला सांगते, मला स्वतःला कितीही आवडत असली तरी.

सगळ्यात चांगलं काय, तर आधी वाचलेलं आवडतं पुस्तक. पुस्तकांवर लिहिणाऱ्या माणसाला पुनर्वाचनाची चैन परवडत नाही, सारखं नवीन काहीतरी वाचायचं असतं. ती चैन आता करून घ्या. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे कुठेही थांबता येतं, आणि दहा वर्षांपूर्वी न दिसलेल्या गोष्टी दिसतात, विशेषतः त्यातल्या आया आणि मुलं.

दिवाळी अंकांना विसरू नका. संपादक का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांच्या मनात बाळंतिणी असतील असं नाही, पण पाच-सात पानांच्या कथा, मध्येच एखादी कविता, व्यंगचित्र, हा ऐवज दुधाच्या एका वेळेत नेमका बसतो. बरीच ग्रंथालयं एकदाच वर्गणी घेऊन दिवाळीनंतर काही महिने अंक आळीपाळीनं घरी देतात. अंक बदलून आणायचं काम सासऱ्यांकडे द्या. तेवढाच त्यांचा फेरफटका होतो आणि येताना स्वतःसाठीही काहीतरी आणतात.

आता सासूबाई. बाळंतपणानंतर वाचल्यामुळे डोळे जातात याला वैद्यकीय आधार नाही. पण हे बोलणं अगदीच हवेतून आलेलं नाही. या काळात संप्रेरकांच्या चढउतारामुळे डोळे कोरडे पडतात, काहींना थोडं धूसरही दिसतं, आणि जागरणानं त्यात भर पडते. हे बहुधा आपोआप निवळतं, म्हणून चष्म्याचा नवा नंबर काढायची घाई करू नका. मात्र बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत एकाएकी धूसर दिसून सोबत जोराची डोकेदुखी असेल, तर पुस्तक ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे जायचं, कारण त्यामागे वाढलेला रक्तदाब असू शकतो. तुमचे सहा आठवडे उलटून गेलेत, तरी हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी सांगून ठेवते.

सासूबाईंशी वाद घालून हाती काही लागणार नाही. ‘वाचू नको’ म्हणताना त्यांना ‘विश्रांती घे’ म्हणायचं असतं, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळ झोपलंय आणि हात मोकळे आहेत, असा तास मिळाला तर झोपा. तो वाचनाचा तास नाही. पुस्तक दूध पाजताना, पाळणा हलवताना, मालीशवाल्या बाई बाळाला न्हाऊ घालत असताना. माझ्या आईकडे लाकडी पाळणा होता. त्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची, पाठीला लोड घ्यायचा आणि दोन्ही हातांत पुस्तक धरायचं. दोरी सैल ठेवावी लागते, नाहीतर पान उलटताना पायही थांबतो आणि बाळाला ते लगेच कळतं.

हातांचा विचार मुद्दाम करा, कारण बाळाला घेऊन बसलं की मोकळा एकच हात राहतो. साडेचारशे पानांचं पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक एका हातात पेलत नाही. शिवाय नव्या आयांचा अंगठा आणि मनगट या दिवसांत हमखास धरतं. बाळाला बगलेत धरून उचलताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर त्याच अंगठ्यानं पुस्तक किंवा मोबाइल पेलू नका, दुखणं चिवट होतं. मांडीवर उशी, उशीवर बाळ आणि बाजूच्या स्टुलावर पुस्तक उघडं, पानावर कपड्यांचा चिमटा. दिसायला गबाळं दिसेल, पण मनगट वाचतं.

परवडत असेल तर ई-रीडर घ्या. किंडलसारखं यंत्र साधारण दोनशे ग्रॅमचं असतं, पान एका बोटानं उलटतं आणि खोलीतला दिवा लावावा लागत नाही. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून मिळताहेत. निवड अजून मनासारखी नाही, पण कथासंग्रह आणि जुनं साहित्य बरंच आहे. अक्षर दोन पायऱ्या मोठं करा, अर्धवट झोपेत लहान जोडाक्षरं नीट दिसत नाहीत. रात्री मोबाइलवर मात्र वाचू नका. पुस्तक उघडायला म्हणून मोबाइल घ्याल आणि पहाटे चार वाजता कुणाच्या तरी हळदीचे फोटो बघत बसाल.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. रात्री बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत वाचत बसू नका. तिसऱ्या ओळीला डोळा लागतो असं तुम्हीच लिहिलंय. मोठ्या माणसाला सोफ्यावर झोप लागली आणि बाळ उशीत किंवा फटीत सरकलं, तर त्याचा श्वास कोंडू शकतो. पेंग येत असेल तर पुस्तक बाजूला आणि बाळ त्याच्या स्वतःच्या जागी, पाठीवर.

ऐकण्याची पुस्तकं पूर्वी मला खरं वाचन वाटायची नाहीत, आता मी सगळ्यांना तीच सुचवते. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल हे ऐकण्याच्या पुस्तकांचं अ‍ॅप भारतात आलं आणि मराठीत ऐकण्याजोगं भरपूर झालं. आपल्याकडे बाळंतिणीच्या कानाला रुमाल बांधतात ना, त्या रुमालाखाली एक इयरबड कुणाला दिसत नाही. एकच. दुसरा कान बाळासाठी उघडा. नाट्यमय वाचन, पार्श्वसंगीत असलेलं नको. एका शांत आवाजातलं, ओळखीच्या लेखकाचं घ्या. आणि दुपारी कधी स्पीकरवर लावा, सासूबाई लसूण सोलता सोलता ऐकतील. दोन प्रकरणं झाली की ‘पुढचं लाव’ असं त्याच म्हणतील, मग डोळ्यांचा विषय पुन्हा निघत नाही.

बाळाला वाचून दाखवायचं ते कधीपासून, असं मला हमखास विचारलं जातं. आजपासून. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ सालीच जन्मापासून मोठ्यानं वाचून दाखवायची शिफारस केली आहे. आणि इथे तुमचा फायदा असा, की अडीच महिन्यांच्या बाळाला आशयाशी काही देणंघेणं नसतं, त्याला आवाज हवा असतो. तेव्हा तुम्हाला जे वाचायचंय तेच मोठ्यानं वाचा. कवितासंग्रह याला उत्तम. बाबांना क्रिकेटचं समालोचन आवडत असेल तर त्यांनी ते वाचावं. मोठ्यानं वाचताना आपल्यालाही वाक्यांचे जोड कळतात, एखाद्या अनुवादाची वाक्यं जिभेला अडखळतात ती लगेच सापडतात. पुढे लेख लिहिताना याचा उपयोग होतो.

चित्रांचं म्हणाल तर सुरुवातीला बाळाला वीतभर अंतरावरचं, साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं आणि ठळक काळं-पांढरं आवडतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रंग येतात, सहाव्यात पुस्तक तोंडात जातं. त्या वेळी जाड पुठ्ठ्याची पानं हवीत. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, तुलिका यांची चित्रपुस्तकं बघा. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्या घरी छापून घ्या. मोबाइलवर दाखवू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या सूचनेप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलांना, आजी-आजोबांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल सोडला तर, पडदा नकोच.

बाबांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. संघटित क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आईला २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाबाला १५ दिवस, खासगीतल्याला कंपनीच्या मर्जीप्रमाणे. त्यामुळे सगळं आईवर पडणं ठरलेलंच असतं. ‘मदत करा’ असं मोघम सांगू नका, तासच नेमून द्या. संध्याकाळचं दूध झालं की नऊ ते बारा बाळ बाबांचं. त्या तीन तासांत पहिले काही आठवडे तुम्ही फक्त झोपायचं, सलग. डोळ्यांवरची झापड कमी झाली की त्यातला शेवटचा अर्धा तास पुस्तकाला द्या. तेवढ्यानंही फरक पडतो, कारण तो अर्धा तास न तुटणारा असतो.

पुस्तकात लक्ष न लागणं झोपेमुळेच असेल असं धरून चाललेय. पण सतत रडू येणं, कशातच गोडी न वाटणं, बाळ झोपलेलं असूनही झोप न येणं, स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल भयंकर विचार येणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर त्याला बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांशी बोला, नाहीतर सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. बाबांनाही हे होतं. ‘वाचनाची आवडच गेली’ असं सांगणाऱ्यांना मी हे आवर्जून विचारते.

ब्लॉगचं काम दोन टप्प्यांत करा. पहिला टप्पा याच आठवड्यात. ब्लॉगवर सगळ्यात वर चार ओळींची सूचना: घरी बाळ आलंय, काही महिने लेख येणार नाहीत, जुने लेख इथे आहेत. परत येण्याची तारीख देऊ नका, तारीख दिली की तिचंच ओझं होतं. मग प्रकाशकांना मेल. शब्द सुचत नसतील तर हे घ्या: ‘नमस्कार. आपण पाठवलेलं पुस्तक मिळालं. सध्या बाळंतपणाच्या सुट्टीवर असल्यानं पुढील काही महिने परीक्षण लिहू शकणार नाही. पुस्तक परत पाठवू की लिहू इच्छिणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे देऊ, ते कृपया कळवावं. तूर्त नवीन पुस्तकं पाठवू नयेत ही विनंती.’ कारणमीमांसा, दिलगिरीचे परिच्छेद, काही नको. बहुतेक प्रकाशक ‘ठेवा, सवडीनं वाचा’ असंच म्हणतात, पण आपण विचारल्यामुळे पुस्तकाकडे बघताना मान खाली जात नाही.

घाईगर्दीत मलपृष्ठ वाचून परीक्षण ठोकून देण्याचा मोह होईल. करू नका. सहा वर्षांत कमावलेला विश्वास एका लेखात जातो, आणि पुस्तकांवरचे वाचक हे फार लवकर ओळखतात. भेट आलेल्या पुस्तकावर पुढे लिहाल तेव्हा ते भेट आल्याचं लेखातच सांगा. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल हेच अपेक्षित आहे, आणि सूचना नसत्या तरी सांगायला हवंच होतं.

दरम्यान टिपणं मात्र चालू ठेवा, बोलून. गुगलच्या कळफलकात मराठी श्रुतलेखन २०१७ पासून आहे. वाचन तुटलं की मोबाइलवर दोन वाक्यं बोलायची: गोष्ट कुठे आली आणि मला काय वाटलं. ‘मामा घर विकायला निघालाय. लेखक मामाची बाजू घेतोय असं वाटतं, हे मला पटत नाही.’ बस. याचे दोन उपयोग. परत पुस्तक हातात घ्याल तेव्हा मागचं आठवायला ही वाक्यं पुरतात, आणि सहा महिन्यांनी लेखाचा कच्चा माल तयार असतो. विरामचिन्हं ते यंत्र गाळतं, विशेषनामांचा चुराडा करतं, आणि बाळ उठू नये म्हणून कुजबुजलात तर काहीच्या बाही लिहितं. तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन बोला.

दुसरा टप्पा बाळाच्या रात्रीच्या झोपेचे तुकडे लांबले की. काहींचं हे चौथ्या महिन्यात होतं, काहींचं वर्ष उलटल्यावर. शेजारणीच्या बाळाशी तुलना करण्यात अर्थ नाही. परत सुरू करताना आठवड्याचा लेख हे माप विसरा. महिन्याला एक, आणि तोही तीनशे-चारशे शब्दांचा. संपूर्ण पुस्तकाचं परीक्षण नको, एका प्रसंगाबद्दल, एका कथेबद्दल, एका मुखपृष्ठाबद्दल लिहा. मला तर हे आखूड लेख जास्त आवडतात, कथानकाचा सारांश सांगायला जागाच उरत नाही. तीन लेख लिहून तयार झाल्याशिवाय पहिला टाकू नका. दात येणं, लसीनंतरचा ताप, गावी जाणं, यातलं काहीतरी मध्ये येणारच. तयार लेख वेळ लावून ठेवले असले की ब्लॉगवर त्याची चाहूल लागत नाही. ‘वर्षात इतकी पुस्तकं’ असले संकल्प या वर्षी मोडीत काढा.

बाळावर लिहावं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझं मत विचाराल तर मुखपृष्ठाशेजारी बाळाचा चेहरा ठेवू नये. त्याला पसंती खूप मिळते, पण ती पुस्तकाला नसते, आणि बाळाची परवानगी कुणी घेतलेली नसते.

आता न विचारलेली एक गोष्ट. पुस्तकं खूप आहेत म्हणजे कपाटात डांबराच्या गोळ्या असणार. त्या आजच काढा. नॅफ्थलीनच्या वाफेनं काही बाळांच्या, विशेषतः जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या, तांबड्या पेशी फुटून काविळीपर्यंत वेळ येते. आणि रांगतं बाळ पांढरी गोळी तोंडात घालणारच. त्याऐवजी वाळवलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून वरच्या फळ्यांवर ठेवा आणि महिन्यातून एकदा पुस्तकांना ऊन दाखवा. उंच कपाट भिंतीला पट्टीनं ठोकून घ्या, कारण धरून उभं राहणारं बाळ सगळ्यात आधी फळीला लोंबकळतं. जड पुस्तकं खाली, हलकी वर. सगळ्यात खालच्या फळीवर मात्र फाटली तरी चालतील अशीच: जुनी मासिकं, छापून आणलेल्या गोष्टी, पुठ्ठ्याची पुस्तकं. बाळ पालथं पडायला लागलं की सुताराला बोलवा, रांगायला लागेपर्यंत थांबू नका.